जाताना पाच तास, येताना बत्तीस : हे अंतर आहे की चेष्टा?

भूगोलात_नापास
(धागाकर्ता)

मंडळी, सातवीतल्या एका मुलाने माझी पार दांडी उडवली आहे. मदत हवी.

भाच्याला शाळेतून प्रकल्प मिळालाय. एकमेकांपासून खूप लांबचे दोन विमानतळ निवडायचे, त्यांच्यातलं अंतर काढायचं आणि विमानाला किती वेळ लागेल ते कारणांसकट लिहायचं. त्याने सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा केनेडी निवडले, कारण मधे कुठेही न उतरता जाणारी जगातली सर्वांत लांबची नियमित विमानफेरी हीच. अंतर १५,३४९ किमी. इथपर्यंत सगळं छान होतं. मग त्याने ही फेरी सुरू झाली तेव्हाचं, म्हणजे नोव्हेंबर २०२० चं, वेळापत्रक शोधून काढलं.

सिंगापूरहून पहाटे २:२५ ला निघायचं, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोचायचं.
न्यूयॉर्कहून रात्री १०:३० ला निघायचं, सिंगापूरला तिसऱ्या दिवशी सकाळी ६:१० ला पोचायचं.

"मामा, जाताना पाच तास पाच मिनिटं आणि येताना एकतीस तास चाळीस मिनिटं. परतीचा रस्ता सहापट लांब आहे का?"

मी म्हटलं, अरे घड्याळांत फरक असतो. "किती?" बघून सांगतो म्हटलं. तो अजून माझ्याकडे बघतोय.

शिवाय भागाकारही जमत नाही. विमान ताशी ९०० किमी जातं असं धरलं तर १७ तास येतात, पण सगळीकडे १८ च्या वरचे आकडे आहेत आणि तेही दोन्ही बाजूंना वेगवेगळे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती श्रीलंका, येमेन, सहारा आणि अटलांटिक असा प्रवास करते. विमान म्हणे तिकडे फिरकतसुद्धा नाही. का?


गणिताची_वही

घड्याळाची गाठ सोडवायला दोन शहरांच्या वेळेतला फरक माहीत असायचीही गरज नाही. दोन्ही आकडे मिळवा. ५:०५ अधिक ३१:४० म्हणजे ३६ तास ४५ मिनिटं. जाताना जो फरक वजा झालाय तोच येताना मिळवला गेलाय, बेरजेत तो उडून जातो. जाऊन-येऊन पावणेसदतीस तास, म्हणजे एका बाजूला सरासरी १८ तास २२ मिनिटं. भाच्याला हे आधी करून दाखवा, मग बाकीचं.

आता फरक. नोव्हेंबरात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १३ तास मागे असतं. ५:०५ मधे १३ मिळवा : १८ तास ५ मिनिटं. ३१:४० मधून १३ काढा : १८ तास ४० मिनिटं. परतीला ३५ मिनिटं जास्त, एवढाच खरा फरक. तो का, ते जाणकार सांगतील.

एक खाच आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं तासभर पुढे असतात, सिंगापूरला हा प्रकार नाही. त्या काळात फरक १२ तासांचा. म्हणून वेळापत्रक कोणत्या महिन्याचं आहे ते प्रकल्पात लिहायला सांगा, नाहीतर बाईंचं उत्तर वेगळं येईल आणि मार्क याचे जातील.


निवांत_पाखरू

एवढी डोकेफोड कशाला? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेला जाणाऱ्या विमानाचं गाव पुढे पळतं, पश्चिमेला जाणाऱ्याचं गाव स्वतःच जवळ येतं. म्हणून दोन्ही बाजूंना वेळ वेगळा. दुसरीतलं उत्तर आहे.


होकायंत्र

@निवांत_पाखरू, दुसरीतलंच आहे, तिथेच ठेवू या. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने फिरते. तुमचं खरं असतं तर सिंगापुरात उंच उडी मारणारा माणूस एका सेकंदात साडेचारशे मीटर पश्चिमेला आपटला असता. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत तरंगत असतं. आणि तुमच्या हिशोबाने पूर्वेला जाणाऱ्याला जास्त वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट असतं.

@भूगोलात_नापास, अंतराकडे वळतो. तुमच्या भाच्याला कल्पना नसेल, पण त्याने अशी जोडी निवडली आहे की जिचं अंतर कागद-पेन्सिलने काढता येतं. एरवी साइन-कोसाइन घेऊन बसावं लागतं.

चांगी १.३६ उत्तर अक्षांश, १०४ पूर्व रेखांश. केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.८ पश्चिम. रेखांशांची बेरीज करा, १७७.८. म्हणजे ही दोन ठिकाणं पृथ्वीच्या गोलावर जवळजवळ नेमकी पाठीला पाठ लावून आहेत, एक ध्रुवाच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे. मग सर्वांत जवळचा रस्ता कुठला? सरळ उत्तरेला चढायचं, ध्रुव ओलांडायचा आणि पलीकडे उतरायचं.

चांगीपासून ध्रुव : ९० वजा १.३६, म्हणजे ८८.६४ अंश. ध्रुवापासून केनेडी : ९० वजा ४०.६४, म्हणजे ४९.३६ अंश. एकूण १३८ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणून ८,२८० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किमी, म्हणून १५,३३५ किमी. छापील आकडा १५,३४९. चौदा किलोमीटरची चूक, तीही गुणाकार-बेरजेवर!


भूगोलात_नापास

काय सांगता! हे त्याला दाखवलं तर तो मला पुन्हा मामा म्हणायला लागेल.

पण ते चौदा किमी कुठे गेले?


होकायंत्र

थोडी आपली लबाडी आणि थोडा पृथ्वीचा आकार. रेखांश १८० नाहीत, १७७.८ आहेत, त्यामुळे खरा सर्वांत जवळचा मार्ग नेमका ध्रुवावरून न जाता साधारण २७५ किमी बाजूने जातो. त्याने अंतर किंचित कमीच होतं. उलट पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे. विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किमी, ध्रुवांवरून मोजलेला ४०,००८. संकेतस्थळं तो चपटेपणा हिशोबात धरतात, आपण 'एक अंश म्हणजे ६० सागरी मैल' अशी सरसकट पट्टी लावली.

त्या मार्गावर खाली काय काय येतं ते बघा : थायलंड, लाओस, चीनचा डोंगराळ नैऋत्य भाग, मंगोलिया, बैकाल सरोवराच्या पश्चिमेचा सायबेरिया, आर्क्टिकचा बर्फ, मग ग्रीनलंड आणि कॅनडाच्या मधली चिंचोळी सामुद्रधुनी, बॅफिन बेट, क्वेबेक आणि न्यूयॉर्क. सहारा कुठेही नाही.

पट्टीने मारलेली रेघ फसवी आहे, कारण भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो. त्याने १५६९ मधे तो खलाशांसाठी बनवला. त्यावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून केलेला प्रवास. सुकाणू न हलवता जाता येतं, हा त्याचा फायदा. सर्वांत जवळचा रस्ता मिळेल असं त्याने कधी कबूल केलेलं नाही. मी आत्ता हिशोब केला, तुमची श्रीलंका-सहारा रेघ भरते जवळजवळ १८,५०० किमी. तीन हजारांहून जास्त किलोमीटरचा वळसा, आणि तो कागदावर सरळ दिसतो!


तिरपा_डोळा

होकायंत्र, झकास. वाचनखूण साठवली.

पृथ्वीगोल असेल तर दोरा लावून बघा हो. दोन्ही टोकं बोटांनी दाबायची आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा आपोआप बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेवर येतो, त्याला भूगोल शिकवावा लागत नाही.


भूगोलात_नापास

केलं. दोरा पहिल्यांदा घसरून आफ्रिकेवर पडला, मग ताणल्यावर सरसर वर चढत ध्रुवाच्या खुंटीपाशी जाऊन अडकला. आमच्या गोलाला तिथे पितळी स्क्रू आहे. भाचा म्हणाला, "म्हणून पायलट बाजूने जातात."

तर आता ठरलं ना? विमान ध्रुवावरून जातं, अंतर १५,३४९, वेळ १७ तास आणि वरचा तास उशिराचा. लिहून टाकू?


धावपट्टी_२७

थांबा, लिहू नका. नेहमी वाचनमात्र असतो, पण इथे राहवलं नाही. एका विमान कंपनीत बावीस वर्षं उड्डाणाचे आराखडे करण्यात गेली. ज्याला आम्ही डिस्पॅच म्हणतो ते काम. होकायंत्र यांचं अंतर बरोबर आहे, फक्त विमान त्या वाटेने जाईलच असं नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारी फेरी बहुतेक वेळा पॅसिफिकवरून जाते. तैवान-जपानच्या बाजूने वर, उत्तर पॅसिफिक, अलास्का, कॅनडा आणि खाली.

वेडेपणा वाटेल, म्हणून मोजून दाखवतो. सोयीसाठी तीन तुकडे धरा. सिंगापूर ते टोकियो सुमारे ५,३५० किमी, टोकियो ते अँकरेज ५,५०० च्या आसपास, अँकरेज ते न्यूयॉर्क ५,४३०. बेरीज साधारण १६,३०० किमी. ध्रुवावरच्या रस्त्यापेक्षा ९५० किमी जास्त. शांत हवेत हा एका तासाहून जास्त तोटा.

पण वर हवा शांत नसते. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे वाहतात. हिवाळ्यात जपानवरचे जेट वारे जगातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यांत मोजले जातात, ताशी ३०० किमीच्या वर जाणं तिथे नवल नाही. आता भागाकार पुन्हा करा. ध्रुवावरून, वारा नाही असं धरून : १५,३५० भागिले ९००, म्हणजे १७ तास. पॅसिफिकवरून, सगळ्या वाटेवर मिळून पाठीशी सरासरी फक्त ६० किमीचा वारा धरून : १६,३०० भागिले ९६०. पुन्हा १७ तासच. त्याहून थोडा जास्त वारा मिळाला की लांबची वाट आधी पोचवते आणि इंधनही वाचवते.

आमच्या धंद्यात जमिनीवरच्या किलोमीटरला म्हणून दुय्यम मान. विमान हवा कापतं, जमीन नाही कापत. किती हवा कापावी लागणार, हे आम्ही रोज नव्याने काढायचो. काल आणि आज एकच फेरी पाचशे किमी वेगळ्या वाटेने गेली, असं सर्रास व्हायचं.

आता परतीचं. त्याच पॅसिफिकवरून परत यायचं म्हटलं तर तोच वारा तोंडावर. म्हणून न्यूयॉर्कहून निघणारी फेरी पुष्कळदा उलट बाजू धरते, अटलांटिक, युरोप, मग आशिया. म्हणजे परतीलाही पूर्वेलाच! न्यूयॉर्क-फ्रँकफर्ट सुमारे ६,२०० आणि फ्रँकफर्ट-सिंगापूर १०,३०० च्या आतबाहेर, म्हणजे इथेही साडेसोळा हजार होतात. वाऱ्याचा पाठिंबा अटलांटिकवर चांगला मिळतो, पण आशियात दक्षिणेला उतरू लागलं की तो सुटतो. परतीला जास्त वेळ दाखवण्यामागे हे मोठं कारण.


तिरपा_डोळा

एक मिनिट. जाताना पूर्वेला आणि येतानाही पूर्वेला? म्हणजे घरून निघून घरी परत येईपर्यंत माणसाची पृथ्वीप्रदक्षिणा झाली?


धावपट्टी_२७

झाली. आणि बहुतेकांच्या ते गावीही नसतं, झोपलेले असतात.


निवांत_पाखरू

आधीच्या फजितीनंतर बेतानेच विचारतो. पॅसिफिकवरून गेलं तर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, अटलांटिकवरून गेलं तर नाही. मग पोचायची तारीख वाटेप्रमाणे बदलेल का?


गणिताची_वही

बेताने विचारलात पण प्रश्न भारी आहे.

नाही बदलत. सिंगापूरहून पूर्वेला निघालात तर न्यूयॉर्कपर्यंत घड्याळ एकूण ११ तास पुढे करावं लागतं आणि वाररेषेवर एक दिवस मागे, म्हणजे २४ वजा. ११ वजा २४, उणे १३. पश्चिमेला निघालात तर वाररेषा नाही, घड्याळ थोडं थोडं करत १३ तास मागे. उणे १३. वाररेषा याच हिशोबासाठी घातलेली आहे, नाहीतर एका शहरात दोन बाजूंनी आलेल्या माणसांच्या तारखा जुळल्या नसत्या.

घड्याळ हा शेवटी सरकारी मामला आहे, हेही भाच्याला सांगा. १०४ रेखांशाला १५ ने भागलं तर सिंगापूरची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) सात तास पुढे यायला हवी. १९८२ पासून ती आठ तास पुढे आहे. मलेशियाबरोबर घड्याळ जुळवून घेतलं.


होकायंत्र

जेट वाऱ्यांवरून थोडं अवांतर. हे वारे पद्धतशीरपणे मोजणारा पहिला माणूस जपानी होता, ओइशी वासाबुरो. १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्याने जपानवरच्या प्रचंड वाऱ्यांच्या नोंदी केल्या आणि १९२६ मधे त्या प्रसिद्ध केल्या. जगभर वाचल्या जाव्यात म्हणून एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत! परिणाम असा की जवळजवळ कुणीच वाचल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेकी विमानं जपानवर त्या वाऱ्यांत सापडली तेव्हा त्यांना हे नव्याने कळलं.

आणि वारा काय करू शकतो त्याचा ताजा दाखला : फेब्रुवारी २०२० मधे वादळाच्या दिवसांत एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने वेग ताशी १,३२० किमीच्या वर गेला होता.


निवांत_पाखरू

म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त? जंबोने?


होकायंत्र

हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगात होतं. हवाच धावत होती. सरकत्या पट्ट्यावर चालणारा माणूस जमिनीवरून धावल्यासारखा दिसतो, पाय मात्र चालत असतात.


वजाबाकी

मला एक कळत नाही. वारा जाताना मदत करतो, येताना अडवतो. एकाच वाटेने गेलं-आलं तर फिट्टंफाट व्हायला हवी ना? मग वारा टाळायला एवढी यातायात कशाला?


गणिताची_वही

नाही होत फिट्टंफाट, वारा दरवेळी थोडं खातोच. ८,००० किमीची वाट घ्या, वेग ९००, वारा १००. जाताना १,००० ने ८ तास. येताना ८०० ने १० तास. एकूण १८. वारा नसता तर १६,००० भागिले ९००, म्हणजे १७ तास ४७ मिनिटं. तेरा मिनिटं गेली. कारण सोपं आहे, वारा मदतीला असतो तो वेळ थोडा आणि विरोधात असतो तो वेळ जास्त.


धावपट्टी_२७

अगदी. म्हणूनच विरुद्ध वाऱ्याला बगल देण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलं.

मूळ प्रश्नातला तो 'वरचा तास' राहिला. तो उशिराचा नाही. वेळापत्रकात छापतात तो ब्लॉक टाइम : विमानाच्या चाकांखालचे चॉक्स (अडसर) निघून ते जागेवरून हललं की सुरू, आणि पलीकडे चाकं थांबली की बंद. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आहे, रांगेत थांबणं आहे, उतरल्यावर पुन्हा रांगणं आहे. मोठ्या विमानतळांवर यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. चढताना आणि उतरताना वेग ९०० नसतो. वर थोडी गंगाजळी ठेवलेली असते, म्हणून बऱ्याचदा वैमानिक 'आपण वेळेआधी पोचत आहोत' असं खुशीत सांगतो.

आणि ताशी ९०० म्हणजे तरी काय? ही विमानं आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास उडतात. त्या उंचीवर, उणे ५६ अंशांत, आवाजाचा वेगच ताशी १,०६० किमीच्या घरात असतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे तुमचे ९००.

ध्रुवावरची वाट का टाळतात तेही सांगतो. बंद असते असं नाही. १९९८ च्या सुमारास ती प्रवासी विमानांना खुली झाली आणि न्यूयॉर्क-हाँगकाँगसारख्या फेऱ्या तिथून गेल्या आहेत. पण अडचणी आहेत. नेहमीचं जेट ए-१ इंधन उणे ४७ ला गोठू लागतं, त्यामुळे टाकीतल्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो. कुणी आजारी पडलं तर उतरायला विमानतळ थोडे आणि लांब. उंच पठारांवर आणखी एक पेच : केबिनमधली हवा गेली तर दहा हजार फुटांपर्यंत झटपट खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. तिबेटचं पठारच सरासरी चौदा-पंधरा हजार फूट आहे. खाली येणार कुठे? म्हणून त्याला वळसा घालतात.

शिवाय राजकारण. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी-टोकियो फेरी तोवर साडेनऊ तासांच्या आसपास होती, ती तेराच्या घरात गेली. विमानतळ तेच, विमान तेच, १५,३४९ सारखा छापील आकडाही तोच. भाच्याला हे उदाहरण जरूर द्या.


ताई_उशिरा_येते

नावाप्रमाणे उशिरा आले. चर्चा छान चाललीय, पण माझा प्रश्न घरगुती आहे. आई पुढच्या महिन्यात याच फेरीने एकटी जाणार आहे. तिची एक गोळी दर १२ तासांनी असते, सकाळी ८ आणि रात्री ८. निघाल्यापासून पोचेपर्यंत घड्याळ असं उलटंसुलटं होणार तर तिने कधी घ्यायची?


धावपट्टी_२७

ताई, डॉक्टरांना निघण्याआधी विचाराच, काही गोळ्यांचं गणित वेगळं असतं. पण घड्याळापुरतं सांगतो : आईच्या हातातलं घड्याळ निघाल्या गावाच्या वेळेवरच राहू द्या, पोचून स्थिरस्थावर होईपर्यंत बदलायचं नाही. फोन उतरल्यावर आपोआप वेळ बदलेल, त्याच्याकडे बघायचं नाही. आम्हीही तेच करायचो. आराखड्यात स्थानिक वेळ नावाची गोष्टच नसते, सगळं यूटीसीत. नाहीतर एका रात्रीत चार विमानं चुकीच्या दिवशी पाठवली असती.

न्यूयॉर्कची वेळ धरायची तेव्हा गोळी कशी सरकवायची, तेवढं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि गोळ्या हातातल्या पिशवीत. विमानाच्या पोटातल्या सामानात अजिबात नको.


वजाबाकी

इतके तास उडायचं तर इंधन किती भरत असतील?


धावपट्टी_२७

या फेरीसाठी एअरबस ए३५०-९०० चा खास लांब पल्ल्याचा प्रकार वापरतात. टाक्यांत १,६५,००० लिटर मावतं, वजनात साधारण १३० टन. विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन २८० टन. म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या तर जवळजवळ अर्धं विमान निव्वळ इंधन. माणसांसाठी जागा मग किती उरते? १६१ आसनं. त्याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५० मधे २५३ असतात.

सुरुवातीच्या तासांत जे जळतं त्यातलं बरंचसं पुढच्या तासांचं इंधन वाहून नेण्यासाठीच जळतं. जड विमान लगेच उंचही जाऊ शकत नाही. आधी तीस-एकतीस हजार फुटांवर रेंगाळतं, इंधन संपत जाईल तसं एकेक पायरी चढत शेवटी चाळीस हजारांच्या आसपास. याआधी २००४ ते २०१३ सिंगापूरहून न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कला अशीच फेरी होती, चार इंजिनांच्या ए३४०-५०० ची. चार इंजिनांचं पोट भरणं परवडेना, बंद झाली. २०१८ मधे दोन इंजिनांच्या विमानावर परत आली.


भूगोलात_नापास

प्रकल्प झाला. मुखपृष्ठावर दोऱ्यासकट पृथ्वीगोलाचा फोटो. आत अंतराखाली तीन आकडे : पट्टीचं १८,५००, दोऱ्याचं १५,३४९, विमानाचं 'रोज वेगळं, साधारण साडेसोळा हजार'. वेळेखाली त्याने १८ तास ५ मिनिटं आणि १८ तास ४० मिनिटं लिहिलं आणि कंसात 'नोव्हेंबर'. बाईंनी विचारलं, नोव्हेंबर कशाला? मग वीस मिनिटं हाच शिकवत होता म्हणे.


ताई_उशिरा_येते

आई पोचली. गोळ्या वेळेवर. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून बसली होती, जपान दिसलं, अलास्काही दिसलं. फोनवर पहिलं वाक्य : "अगं, तू ध्रुव ध्रुव म्हणत होतीस, तो काही लागला नाही वाटेत."


भूगोलात_नापास

:)

धागा बंद करणार होतो, पण घरातून नवा प्रश्न आलाय. दोरा घेऊन बसलाय. म्हणतो, दोन विमानतळ गोलावर अगदी नेमके समोरासमोर असले, एकातून सुई घातली तर दुसऱ्यातून निघेल असे, तर दोरा कुठून ताणायचा? त्याचा दोरा कुठेच स्थिर राहत नाहीये.


होकायंत्र

राहणारच नाही, कारण तिथे सगळ्याच दिशा सारख्या. कुठेही तोंड करून निघा, अंतर २०,००० किमीच्या आसपास. त्याहून लांब पृथ्वीवर काहीच नाही.

फक्त त्याने ध्रुवांपाशी चपटी पृथ्वी आठवायची. दोन्ही विमानतळ विषुववृत्तावर असले तर विषुववृत्तावरून २०,०३७, ध्रुवावरून २०,००४.


भूगोलात_नापास

सांगितलं. तो म्हणतो, तेहतीस किलोमीटरसाठी ध्रुवावर नाही जायचं, आधी वारा कुठे आहे ते विचार.